सर्जा-राजाची खोली

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्यासारखी खानदेशातून आलेली घरं पुष्कळ. त्यामुळे अडीच वर्षांच्या लेकाचं वेड वाघ-सिंहाचं नाही, बैलाचं! पोळ्याला गावी पाहिलेला बैल डोक्यातून जाईना, म्हणून दहा बाय दहाची खोली बैलाचीच केली.

चारही भिंतींवर चित्रं नकोत, एकच भिंत पुरे. आमच्या भिंतीवर तीन जाती आहेत: पांढराशुभ्र, लांब शिंगांचा खिल्लार, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा डांगी, आणि फुगीर कपाळाचा, लोंबत्या कानांचा गीर. लेक गीरचा कान बोटाने गिरवत बसतो. झुली मात्र खऱ्या कापडाच्या, साडी मार्केटमधल्या कटपीसच्या. सुरतेत राहून कापड विकत घ्यायचं जिवावर येतं, पण तुकडे स्वस्तात मिळतात.

आधी लाल डोळ्यांच्या बैलाचं मोठं पोस्टर लावलं होतं. रात्री पोरगं किंचाळलं, पोस्टर माळ्यावर गेलं.

रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण बघा. 2017 पासून 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा आहे. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करा. घुंगरं, मणी तोंडात जातात, म्हणून घुंगुरमाळ दाराच्या चौकटीवर, उंच. दार उघडलं की छुम वाजते.