लेसरने दुरुस्त केलेल्या पोलादाची सूक्ष्मरचना व बळ

साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. अशा चक्कीचा मुख्य आस पुष्कळदा क्रोमियम व मॉलिब्डेनमयुक्त पोलादाचा असतो. बेअरिंगच्या जागी तो झिजल्यास, सबंध आस टाकून न देता, लेसरने धातूचे चूर्ण वितळवून झिजलेल्या भागावर नवा थर चढविता येतो. परंतु माप पूर्ववत झाले म्हणजे बळही पूर्ववत झाले, असे नव्हे.

लोहार तापलेल्या विळ्यास पाणी देतो, तेव्हा त्याची धार कठीण होते. लेसरच्या दुरुस्तीत पाण्याचे हे कार्य आसाचा थंड धातूच करतो. वितळलेला थर क्षणार्धात थिजतो. त्यातील स्फटिक बारीक राहतात. थराखालील, न वितळलेल्या परंतु अतितप्त झालेल्या पट्ट्यात मार्टेन्साइट नावाची रचना निर्माण होते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव पडले. सुमारे ०.४ टक्के कार्बनाच्या पोलादात ती अतिशय कठीण, पण ठिसूळ असते. शिवाय आकुंचनामुळे तेथे ताण साठून राहतात. फिरत्या आसावरील भार प्रत्येक फेऱ्यास उलटत असल्याने तडा या पट्ट्यातच जन्म घेण्याचा संभव असतो.

यास्तव आस आधी सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात व थर चढविल्यावर तो पुन्हा मध्यम तापवून सावकाश निवू देतात. काठिण्य काहीसे उतरते, चिवटपणा मात्र वाढतो. तात्पर्य, दुरुस्तीची परीक्षा पृष्ठभागाच्या काठिण्यावर संपत नाही. त्याच रीतीने केलेल्या नमुन्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांध्याचीच पारख करावी लागते.