दुवे गेले कुठे?

मराठीत ‘दुवा’ म्हणजे साखळीची कडी आणि ‘दुवा’ म्हणजे आशीर्वादही. संकेतस्थळांच्या जगात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. दुसऱ्या कुणी आपल्या पानावर तुमच्या स्थळाचा पत्ता दिला, की दोन पाने जोडली जातात. शिवाय ‘हे बघण्याजोगे आहे’ अशी शिफारसही होते. शोधनिबंधाचे वजन त्याचा उल्लेख कुणी कुणी केला यावरून जोखतात; तोच न्याय लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९६ मध्ये संकेतस्थळांना लावला. त्या प्रयोगाचे नाव होते ‘बॅकरब’. १९९८ साली त्यातूनच गूगल कंपनी उभी राहिली.

तेव्हा कोकणात घरगुती निवास चालवणारे जोडपे असो की जुन्या दिवाळी अंकांची सूची जमवणारे निवृत्त ग्रंथपाल, गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मधला दुव्यांचा तक्ता एका सकाळी कोरा दिसला, की त्यांच्या पोटात गोळा येणारच. नेमका याच वेळी कुणाचा तरी फोन येतो : ‘तुमचे बॅकलिंक उडाले, अमुक पैशांत हजार लावून देतो.’ या गृहस्थांना आधी चहासुद्धा विचारू नये. विकतचे दुवे गूगलच्या नियमात बसत नाहीत, आणि अशा स्थळांना मागे ढकलणारी ‘पेंग्विन’ नावाची चाळणी गूगलने एप्रिल २०१२ मध्येच लावली होती.

मग दुवे गेले कुठे? बहुतेक वेळा कुठेच नाही. आपण भलत्याच घराची पत्रपेटी उघडून बसलेलो असतो.

हे जरा सविस्तर सांगायला हवे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ की ‘एचटीटीपीएस’, पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आहे की नाही, हे आपल्या लेखी किरकोळ असते. सर्च कन्सोलमध्ये पूर्ण पत्ता देऊन नोंद केली असेल, तर तिच्या लेखी ही चार निरनिराळी घरे. जुलै २०१८ मध्ये क्रोम ब्राउझर ‘एस’ नसलेल्या स्थळांवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारू लागला, आणि त्या सुमारास असंख्य छोट्या स्थळांनी बिऱ्हाड हलवले. नोंद मात्र जुन्याच पत्त्यावर राहिली. यावर उतारा सोपा आहे. फेब्रुवारी २०१९ पासून संपूर्ण ‘डोमेन’ची एकच नोंद करता येते आणि तिच्यात सगळी घरे येतात. ज्यांच्याकडून नाव घेतले, त्यांच्याकडच्या डीएनएसच्या पानावर गूगलने दिलेली एक ओळ तेवढी चिकटवावी लागते. नोंद नवी असेल तर तक्ता भरायला काही दिवस जातात. तोवर धीर धरावा.

दुसरी गोष्ट, हा तक्ता म्हणजे शिरगणती नव्हे. तो नमुना आहे, हे गूगल स्वतःच सांगते. पडद्यावर फार तर १,००० ओळी दिसतात, उतरवून घेतल्या तर १,००,००० पर्यंत. नमुना बदलला की आकडा हलतो. एकाच मजकुराची दोन पाने असतील, तर गूगल ज्याला मूळ मानते त्याच्याच खात्यावर दुवे जमा होतात.

एचरेफ्स, मॅजेस्टिक, मॉझ या मंडळींचे आकडे गूगलशी जुळत नाहीत म्हणूनही काहीजण हवालदिल होतात. ते जुळणार कसे? प्रत्येकाचा भटका यंत्रमानव वेगळा, त्याच्या वाटा वेगळ्या, आणि काही स्थळे त्याला दारातूनच परत पाठवतात. लग्नाला किती माणसे होती हे तीन पाहुण्यांना विचारून पाहा! गूगल अ‍ॅनालिटिक्सचे कामच निराळे : दुव्यावर टिचकी मारून कुणी आले, तरच त्याला पत्ता लागतो.

खरा तोटा होतो तो दुसरीकडेच. स्थळाची नवी मांडणी करताना जुन्या पानांचे पत्ते बदलतात. एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने वर्षांपूर्वी दिलेला दुवा मग ‘पान सापडले नाही’ या भिंतीवर आदळतो. म्हणून आधी दुवा देणारे पान स्वतः उघडावे. दुवा तिथे आहे का ते पाहावे, आणि त्यावर टिचकी मारून आपण कुठे पोचतो ते तपासावे. भिंत लागली, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ‘३०१’ क्रमांकाचे कायमचे वळण घालून घ्यावे. काम करणाऱ्या मुलाला हा आकडा सांगितला की पुरे. दुवा देणारे पानच काढून टाकले गेले असेल, तर मात्र इलाज नाही. फार तर त्यांना एक साधे पत्र लिहावे.

शिवाय महिन्यातून एकदा हा तक्ता उतरवून, तारीख घालून जपून ठेवावा. त्या तक्त्यात मागच्या महिन्याचे चित्र पाहण्याची सोय नाही. एका वहीत सगळे ठेवले, तर पुढच्या वेळी तक्ता कोरा दिसला तरी कुठल्या शाळेचा, कुठल्या वाचनालयाचा दुवा शोधायचा, हे तरी ठाऊक असेल.