गल्ल्यावरचा माणूस आणि गल्ल्यावरचे यंत्र

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘यंत्र आणि श्रम’ हे प्रकरण आपण सर्वांनीच वाचलेले असते. त्यात हातमाग आणि यंत्रमाग असतो, बैल आणि ट्रॅक्टर असतो. वाण्याचा गल्ला मात्र नसतो. विक्री आणि हिशेब हे माणसाचेच काम, असे आपण गृहीत धरलेले असते. गेल्या चाळीस वर्षांत परदेशात हे गृहीत हळूहळू मोडत आले आहे. अमेरिका-युरोपातील मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक स्वतःच माल उचलते, स्वतःच बिल करते, स्वतःच पैसे भरते आणि पिशवी घेऊन निघून जाते. तिकडे याला ‘सेल्फ चेकआउट’ म्हणतात. आपण ‘स्वयंबिल यंत्र’ म्हणू या. हे यंत्र काय करते आणि काय करीत नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या गोष्टीची सुरुवात मुळी यंत्रापासून झालेली नाही. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले. तोपर्यंत तिकडेही आपल्या किराणा दुकानासारखेच असे. गिऱ्हाइकाने फळीबाहेर उभे राहून यादी सांगायची आणि नोकराने माल काढून, तोलून, बांधून द्यायचा. सॉन्डर्सने मधली फळीच काढून टाकली. टोपली घ्या, मांडण्यांमधून फिरा, हवे ते उचला आणि दाराशी पैसे द्या! नोकर कमी लागले आणि माल काढण्याचे काम गिऱ्हाइकाकडे आले. म्हणजे पहिले पाऊल पडले ते एकही यंत्र न आणता.

दुसरे पाऊल म्हणजे वेष्टनावरची काळ्या-पांढऱ्या रेघांची पट्टी, बारकोड. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना या कल्पनेचे पेटंट १९५२ मध्येच मिळाले होते. तारायंत्राच्या मोर्स लिपीतील ठिपके आणि रेघा खाली ओढून लांबवल्या तर काय होईल, या विचारातून वुडलँड यांना ती सुचली. पण रेघा वाचणारे लेसर आणि संगणक दुकानदाराला परवडू लागेपर्यंत वीस वर्षे गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंग गमचे पाकीट अशा यंत्रावरून पहिल्यांदा सरकवले गेले. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. या पट्टीत किंमत लिहिलेली नसते, असतो तो फक्त वस्तूचा क्रमांक. किंमत दुकानाच्या संगणकात असते. आपल्याकडील बहुतेक पाकिटांवरचा क्रमांक ८९० ने सुरू होतो, कारण भारतात नोंदणी केलेल्या कंपन्यांना ते आकडे दिलेले आहेत. शेवटचा आकडा पडताळ्याचा असतो. आधीच्या आकड्यांशी त्याचा हिशेब जुळला नाही, तर वाचन चुकले हे यंत्राला कळते.

तिसरे पाऊल १९८६ चे. डेव्हिड हंबल यांच्या कंपनीने बनविलेले स्वयंबिल यंत्र त्या वर्षी अटलांटाजवळच्या क्रोगर दुकानात बसविण्यात आले. वस्तू यंत्रासमोर गिऱ्हाइकाने धरायच्या; पैसे मात्र माणसाकडेच द्यायचे. पुढे पैसे घेण्याचे कामही यंत्राकडे गेले.

आता यंत्राची खरी अडचण पाहा. रेघा वाचणे त्याला सोपे आहे. गिऱ्हाइकाने न वाचलेली वस्तू पिशवीत टाकली तर काय, हे ओळखणे अवघड. यासाठी पिशवी ठेवण्याच्या जागेखाली वजनकाटा बसवितात. साखरेचे एक किलोचे पाकीट वाचले गेले, की काट्यावर तेवढाच भार वाढला पाहिजे. कमी-अधिक झाला की यंत्र अडते, दिवा लागतो आणि दुकानातला माणूस येऊन ते मोकळे करतो. गिऱ्हाइकाने स्वतःची जड पिशवी काट्यावर ठेवली तरी तेच! भाजी-फळांची आणखी वेगळी गोष्ट. त्यांवर पट्टी नसते, म्हणून पडद्यावरील चित्रांतून गिऱ्हाइकानेच ती निवडायची. महाग फळ काट्यावर ठेवून गाजराचे चित्र दाबले, तर काटा तक्रार करीत नाही. वजन बरोबरच असते. इंग्लंडमधील गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक एमलिन टेलर यांनी २०१६ मध्ये अशा गिऱ्हाइकांवर लिहिले. त्यांचा मुद्दा असा, की एरवी सचोटीने वागणारी माणसेही या यंत्रासमोर सैल होतात. समोर माणूस असला की जी लाज वाटते, ती यंत्रासमोर वाटत नाही.

माझी थोरली बहीण एका मोठ्या दुकानात बिलिंग काउंटरवर आहे. तिच्या पगारातून माझी फी भरली जाते. आमच्याकडेही ही यंत्रे येणार, अशी कुजबुज त्यांच्या दुकानात झाली, तेव्हा तिने मला विचारले, “तू अर्थशास्त्र घेतलं आहेस ना? मग सांग, यंत्र आलं तर आम्ही कुठं जायचं?” माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. मी तिलाच विचारले, “ताई, तू दिवसभर नेमकं काय करतेस?” तिने सांगितलेले काम तीन भागांत वाटता आले. पहिले हाताचे: वस्तू सरकवणे, पिशवीत भरणे. दुसरे नजरेचे: कोथिंबीर की शेपू हे ओळखणे, फुटलेले पाकीट बाजूला काढणे, दोन वस्तू एकीतच लपल्या असतील तर पाहणे. तिसरे बोलण्याचे: एखाद्या आजोबांच्या थरथरत्या हातातली नाणी मोजून घेणे, “गेल्या आठवड्यात दिसला नाहीत” असे विचारणे.

मला वाटते, उत्तर या वाटणीतच आहे. यंत्राने ताईचे काम केलेच नाही. त्याची वाटणी केली. हाताचे काम फुकटात गिऱ्हाइकाकडे गेले. नजरेचे काम कॅमेऱ्याकडे आणि अनेक यंत्रांवर एकट्याने लक्ष ठेवणाऱ्या नोकराकडे गेले. बोलण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आले नाही. ते ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते बंद पडले तरी प्रथम कोणाला कळत नाही.

पुढे मात्र कळते. उत्तर इंग्लंडमधील बूथ्स या दुकानांनी २०२३ मध्ये, दोन दुकाने वगळता, ही यंत्रे काढून टाकण्याचे ठरविले. अमेरिकेतील टार्गेटने २०२४ मध्ये बहुतेक दुकानांत यंत्रावर दहाच वस्तूंची मर्यादा घातली. नेदरलँड्समधील युम्बो या दुकानाने तर २०१९ मध्ये मुद्दाम ‘गप्पांचा गल्ला’ सुरू केला. ज्यांना घाई नाही, त्यांनी तेथे रांग लावावी आणि बिल होईपर्यंत चार शब्द बोलावे. एकाकी वृद्धांसाठी काढलेली ही सोय लोकांना आवडली आणि पुढे अनेक दुकानांत नेण्यात आली.

याचा अर्थ यंत्र वाईट असा मुळीच नाही. दुधाची एक पिशवी घेऊन लांब रांगेत ताटकळणाऱ्याला ते वरदानच आहे. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा वादस्पर्धेचा विषय येथे उपयोगी पडणार नाही. विचारायचा प्रश्न साधा आहे. यंत्र आले की काम नाहीसे होते, की एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते? जात असेल, तर ज्याच्या हातून गेले त्याला काय मिळाले आणि ज्याच्या हाती आले त्याला काय मिळाले? माल स्वस्त झाला तर गिऱ्हाइकाला वाटा मिळाला. काउंटरवरच्या मुलीला नजरेचे आणि बोलण्याचे काम योग्य पगारावर दिले, तर तिलाही मिळाला. दोन्ही झाले नाही, तर बचत झाली ती मालकाची, आणि श्रम तेवढे आपले. आपल्या शहरांत ही यंत्रे आता कोठे कोठे दिसू लागली आहेत. ती सर्वत्र येण्यापूर्वी हा हिशेब विचारून ठेवणे, हे अर्थशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचे कामच आहे.