खारपाणपट्ट्यातल्या गॅलरीत पाण्यावरचा पालक

शेगाव, नांदुरा, संग्रामपूर या पट्ट्यात बोअरच्या पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि कुंडीतली तुळस पानाच्या टोकापासून करपत जाते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथल्या फ्लॅटच्या गॅलरीत मातीविना भाजी पिकवायची म्हटलं, तर लोक आधी पाईप, पंप आणि किटची किंमत विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न पाण्याचा असायला हवा.

वनस्पतीला माती लागते ती आधारासाठी आणि क्षार साठवायला. हे क्षार पाण्यात विरघळवून दिले तर मातीचं अडत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ यूलियस फॉन झाक्स यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी १९३० च्या दशकात टाक्यांमधून उंच टोमॅटो वाढवले आणि या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केलं. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली बंगालमधल्या कालिम्पाँग इथे स्वस्त साधनांचे प्रयोग सुरू केले. दुष्काळात आपल्याकडे ट्रेमध्ये मक्याचा हिरवा चारा करतात, त्यालाही हायड्रोपोनिक म्हणतात. पण त्यात दाण्याचीच शिदोरी वापरली जाते. चारा हिरवा आणि वजनदार दिसतो, कोरडं वजन मात्र वाढत नाही. गॅलरीतल्या भाजीला खरं अन्न द्यावं लागतं.

ते अन्न आपल्या कृषी सेवा केंद्रातच मिळतं. ड्रीपवाले शेतकरी ज्यांना नुसत्या आकड्यांनी ओळखतात, तीच ही खतं. दहा लिटर चांगल्या पाण्याला ४ ग्रॅम १३:००:४५, २ ग्रॅम ००:५२:३४, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ८ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. सोबत चिमूटभर चिलेटेड लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या मगात विरघळवून सगळ्यात शेवटी टाकायचं. घट्ट द्रावणं एकत्र केली की कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम बनतं, पांढरा गाळ तळाशी बसतो आणि ते अन्न मुळांना मिळत नाही. १९:१९:१९ स्वस्त आणि सहज मिळणारं असलं तरी इथे नको. त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं आणि ते पिकाच्या कामी येण्याआधी त्याचं रूपांतर करायला लागणारे जिवाणू मातीत मुबलक असतात, टबात नसतात.

आता खाऱ्या पाण्याकडे येऊ. वरच्या मिश्रणाची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, साधारण १.६ ते १.८ भरते आणि पालेभाजीला तेवढी पुरते. बोअरच्या पाण्याचीच ईसी २ असेल तर खत टाकल्यावर ती साडेतीनच्या पुढे जाते आणि मुळांना पाणी ओढणं जड जातं. त्याहून वाईट गोष्ट सावकाश घडते. रोप पाणी पितं, नत्र आणि पालाश उचलतं, सोडियम मात्र बहुतांशी मागेच राहतो. टब रिकामा होत आला की आपण पुन्हा तेच खारं पाणी भरतो आणि दर भरणीला सोडियम वाढतो. शेतात निचरा असेल तर पावसाळ्यात तो धुऊन तरी जातो. बंद टबातून जाणार कुठे? पालक आणि बीट थोडाफार सोडियम सहन करतात, घेवडा लगेच मान टाकतो.

सामूचंही तसंच. टबात तो ५.५ ते ६.५ हवा. आपल्या बोअरचं पाणी बहुधा साडेसातच्या वर असतं. अशा पाण्यात लोह विरघळलेलं राहत नाही, आणि नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या उरतात. फॉस्फोरिक आम्लाचे मोजके थेंब, हातमोजे घालून, सामू मोजायच्या पट्टीने तपासत टाकले की काम होतं.

इतकं सगळं असूनही हा उद्योग खारपाणपट्ट्यातच करावा, असं मला मनापासून वाटतं. कारण त्याला चांगलं पाणी लागतं, पण थोडं लागतं. शंभर चौरस फूट छतावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तरी नव्वद लिटरच्या आसपास पाणी उतरतं, आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिली सर धूळ धुऊन जाऊ द्यावी, नंतरचं पाणी झाकणाच्या टाकीत भरावं. एकरभर शेत या पाण्यावर भिजणार नाही; गॅलरीतले चार टब मात्र खूप दिवस चालतील. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी चुकूनही वापरू नये, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

पंपही लागत नाही. हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत लाईन जाणाऱ्या गावांसाठी फार सोयीची आहे. गडद रंगाच्या, उजेड आत न जाणाऱ्या टबाच्या झाकणाला भोकं पाडून त्यात कोकोपीट भरलेले जाळीदार कप बसवायचे. कपाचा तळ तेवढा पाण्यात बुडवायचा. पाणी खाली जाईल तशी वरची मुळं हवेत उघडी पडतात आणि तिथूनच श्वास घेतात. म्हणून भर घालताना टब पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, नाहीतर तीच मुळं गुदमरतात.

मे महिन्यात मलकापूर-खामगावच्या उन्हात टबातलं पाणी तापतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना ७ मिलीग्रॅमही नाही. त्यात मुळांची गरज वाढलेली. टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळून तो सावलीत ठेवला, तर कोरड्या हवेत पाणी चांगलंच थंड राहतं. तरीही सुरुवात ऑक्टोबरात करावी. पालक, मेथी, सांबार हिवाळ्यात बिनधास्त येतात.

टब आणण्याआधी घरातलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि ईसी, सामू, सोडियम हे तीन आकडे मागून घ्या. बुलढाणा आणि जळगाव जामोद इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत त्यासाठी चौकशी करता येईल.