कॅसेटच्या यादीला संरक्षण, ग्राहकाला नाही
१९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं आणि त्यांनी भाड्यानं नेलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी एका साप्ताहिकानं छापली. काँग्रेसनं पुढच्याच वर्षी कायदा करून अशा याद्यांना संरक्षण दिलं. आरोग्याच्या नोंदी, मुलांची ऑनलाइन माहिती यांसाठीही सुटे कायदे झाले. सर्व ग्राहकांसाठी देशभराचा एक कायदा मात्र आजही नाही. राज्याच्या कायद्यामुळे न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब ‘आमची माहिती विकू नका’ असं कंपनीला बजावू शकतं; हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलवलं की तो हक्क जातो. हे सरळसरळ अन्यायाचं आहे. असा देशभराचा कायदा आणू पाहणारं २०२२ चं विधेयक प्रतिनिधिगृहाच्या समितीत ५३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं; सभागृहात ते मतदानाला आलंच नाही.