उष्णजल बेणे प्रक्रिया : टाकीतील दोष कसा ओळखावा?

– ऊस विकास अधिकारी



आपल्या फैजपूर-यावल-रावेर पट्ट्यात केळीची लागण करायची म्हटली म्हणजे आपण कंद किंवा ऊतिसंवर्धित रोप दहा ठिकाणी चौकशी करून आणतो. उसाच्या बेण्याला मात्र तेवढी चौकशी होत नाही. त्याचे फळ लागणीत फारसे दिसत नाही, खोडव्यात दिसते. बेट गवतासारखे फुटते, पाने पांढरट व बारीक निघतात, कांडी धरतच नाही. ही गवताळ वाढ. महाराष्ट्रात ती १९४९ साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रथम नोंदली गेली. दुसरा रोग खोडव्याचा खुजेपणा. याची बाहेरून खूण अशी दिसत नाही, ऊस नुसता बारीक व आखूड राहतो. हे दोन्ही रोग मुख्यतः बेण्यातून येतात आणि एकदा उभ्या पिकात शिरले की फवारणीने बरे होत नाहीत. मग शेतकरी म्हणतो, "ऊस परवडत नाही."

यावर उपाय म्हणजे बेणेमळ्यासाठीच्या टिपऱ्या ५० अंश सेल्सिअस गरम पाण्यात २ तास ठेवणे. जावा बेटावर विल्ब्रिंक या डच संशोधक बाईंनी १९२० च्या दशकात उसाच्या सेरेह रोगावर गरम पाण्याची प्रक्रिया वापरली. पुढे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १९४४-४५ च्या सुमारास खोडव्याचा खुजेपणा ध्यानात आला, त्यावरही हीच प्रक्रिया लागू पडली. काही ठिकाणी पाण्याऐवजी ५४ अंशांची उष्ण बाष्प हवा अडीच तास देतात. गवताळ वाढीवर ती जास्त खात्रीची आहे.

पण ५० अंश हे आकडे नोंदवहीत लिहिणे सोपे, टाकीत टिकवणे अवघड. दोन-तीन अंश कमी पडले तर रोग जिवंत राहतो, दोन-तीन अंश जास्त झाले तर डोळा मरतो. म्हणून टाकीचा हिशोब अगोदर कागदावर मांडावा आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. मोठ्या इमारतींच्या गरम पाण्याची व्यवस्था आखताना इंजिनिअर लोक संगणकावर हेच करतात. हिशोब व प्रत्यक्ष जुळत नाही, तिथेच दोष असतो.

टाकीचा हिशोब

समजा टाकीत १,००० लिटर पाणी आहे, ते २८ अंशांवर आहे, व ४ किलोवॅटच्या तीन कॉइल आहेत. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ५० अंशांपर्यंत २२,००० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे सुमारे साडेपंचवीस युनिट. १२ किलोवॅटला यासाठी सव्वादोन तासांच्या आत-बाहेर वेळ लागावा.

आता २५ अंशांवरचा २५० किलो ऊस आत सोडला. उसात बहुतेक पाणीच असते, म्हणून तो सुमारे २२० लिटर पाण्याइतका धरावा. हीटर बंद असेल तर टाकी साडेपंचेचाळीस अंशांवर उतरते. ती पुन्हा ५० वर आणायला अर्धा तास लागतो. घड्याळ ऊस सोडल्यापासून लावले, तर टिपरीला पुरी उष्णता दीडच तास मिळाली. दोन तास मोजायचे ते पाणी पुन्हा ५० अंशांवर आल्यापासून. थंडीत पाणी व ऊस दोन्ही गार असतात, तेव्हा हा वेळ आणखी वाढतो.

दोष व त्याचा शोध

१) पाणी तापायला दीडपट वेळ लागतो. एक कॉइल जळाली तर सव्वादोनाचे सव्वातीन तास होतात. पण व्होल्टेज २० टक्के कमी असले तरी उष्णता ६४ टक्केच मिळते, आणि वेळ जवळपास तेवढाच लागतो. तेव्हा कॉइल बदलण्याआधी वायरमनकडून प्रत्येक कॉइलचा करंट व व्होल्टेज मोजून घ्यावे. पाणी क्षाराचे असेल तर कॉइलवर पुटे चढतात व ती लवकर जळते. ती वेळोवेळी साफ करावी.

२) तापलेले पाणी लवकर निवते. झाकण लावून हीटर तासभर बंद ठेवा. एक अंश उतरला तर सव्वा किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाते असे समजा. दोन-तीन अंश उतरले तर झाकण व टाकीचे वेष्टण पाहा.

३) काटा ५० दाखवतो, पण रोग जात नाही. वर, तळाशी व उसाच्या मोळीच्या मधोमध असे तीन ठिकाणी तापमान घ्या. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पाणी फिरवणारा पंप नीट चालत नाही, किंवा ऊस फार ठासून भरला आहे. पाचट काढलेलेच बेणे घ्यावे. तापमान ओळखणारा गोळा कॉइलला लागून असेल तर हीटर लवकर बंद पडतो व बाकीची टाकी गारच राहते.

४) थर्मामीटरच खोटा. पाण्यात हात घालून अंदाज करणे चालायचे नाही. प्रयोगशाळेतील तपासलेला थर्मामीटर त्याच पाण्यात शेजारी धरा व ५० अंशांवरच फरक पाहा. हंगाम सुरू होण्यापूर्वी हे करावेच.

५) उगवण कमी. तापमान ५२ च्या वर गेले होते का, बेणे ९ ते ११ महिन्यांचे होते का, प्रक्रियेनंतर ते ढिगात पडून राहिले का, हे पाहावे. निथळून गार झाल्यावर बुरशीनाशकाच्या द्रावणात १० ते १५ मिनिटे बुडवून लगेच लागण करावी.

६) सर्व बरोबर, तरी मळ्यात रोग. इथे टाकीला दोष देऊ नये. नांग्या बाहेरच्या बेण्याने भरल्या असतील, कोयता निर्जंतुक न करता वापरला असेल, किंवा तुडतुड्यांनी गवताळ वाढ शेजारून आणली असेल. रोगट बेट दिसताच मुळासकट काढून नष्ट करावे.

सभासदांनी काय करावे?

बेणे तीन पायऱ्यांनी वाढते: मूलभूत, पायाभूत व प्रमाणित. एका एकराचे दहा एकर आणि दहाचे शंभर धरले, तर टाकीतली एक कच्ची घाणी शंभर एकरांत रोग पोहोचवते, शिवाय पुढचे खोडवे वेगळेच. म्हणून बेणे नेताना प्रत्येक सभासदाने प्रक्रियेची नोंदवही पाहायला मागावी. ऊस कधी सोडला, पाणी पुन्हा ५० वर कधी आले, बाहेर कधी काढला आणि दर पंधरा मिनिटांचे तापमान, एवढ्या चार नोंदी त्यात असल्या पाहिजेत. नोंद नसेल तर विचारा. हा आपला हक्क आहे, यात कोणी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

बेणे शुद्ध असेल तर खोडवा टिकेल, आणि खोडवा टिकला तरच ऊस परवडेल. तरी सर्वांनी सहकार्य करावे, ही विनंती.