अंबियाची फळगळ : बाटली आधी की पाणी आधी?

अंबिया बहार फुटला की झाड पांढरेशुभ्र दिसते. पण एप्रिल-मे महिन्यात वरुड-मोर्शीकडच्या बागांतून फिरा, झाडाखाली बोराएवढ्या हिरव्या फळांचा सडा पडलेला दिसेल. मग धावपळ सुरू होते, 'साहेब, कोणती बाटली मारू?' बाटलीकडे वळण्याआधी फळ का गळते, ते समजून घ्या.

झाड फळ का सोडते?

शंभर फुलांतून पाच-सहा फळेही शेवटपर्यंत टिकत नाहीत. म्हणजे काही गळ नैसर्गिकच आहे. वाढणाऱ्या कोवळ्या फळात ऑक्झिन नावाचे संजीवक तयार होते व ते देठातून फांदीकडे वाहत राहते. ही धार चालू आहे तोवर देठाची पकड घट्ट राहते. ऊन तापले, पाणी तुटले किंवा अन्न कमी पडले की ऑक्झिन घटते. मग इथिलीनचा जोर वाढतो, देठाच्या सांध्यातील पेशी सुटतात आणि फळ खाली येते. सुरुवातीला फळ देठासकट पडते. मोठे झाल्यावर गळले तर देठाची टोपी झाडावरच राहते.

थोडक्यात, जगवता येतील तेवढीच लेकरे झाड ठेवते. एक फळ पोसायला साधारण 40 निरोगी पाने लागतात. पानेच पिवळी असतील तर झाड तरी काय करणार?

आधी पाणी

आठ दिवस कोरडे ठेवायचे आणि मग धो-धो पाणी सोडायचे, ही सवय सोडा. पाणी थोडे पण नेमाने द्या. ठिबक असेल तर उत्तम. नसेल तर दुहेरी आळे करा, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. आळ्यात गवत किंवा कुटाराचे आच्छादन टाका.

गळलेले फळ हातात घेऊन बघा. छिद्र असेल तर किडीचा संशय घ्या. देठाजवळ काळे पडून सडले असेल तर बुरशीचा. अशा गळीला नुसते संजीवक चालत नाही. फळ हिरवे, स्वच्छ असेल तरच पुढचा उपाय.

फवारणी कशी कराल?

जिबरेलिक ॲसिड (शुद्ध) 1.5 ग्रॅम व युरिया 1 किलो, 100 लिटर पाण्यात. हे प्रमाण 15 पीपीएम होते. जिबरेलिकची शुद्ध पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. तयार द्रावण घेतले असेल तर लेबलवरची मात्रा पाळा. फवारणी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर करा. पंधरा दिवसांनी दुसरी द्या.

याच कामासाठी 2,4-डी चीही शिफारस आहे. पण हेच औषध जास्त मात्रेत तणनाशक आहे, हे विसरू नका. शेजारी कपाशी असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका. वाऱ्याने थोडे जरी उडाले तरी कपाशीची पाने आकसून वेडीवाकडी होतात. तणनाशकाचा पंपही बागेत वापरू नका. 'जरा जास्त टाकू, जास्त फळं टिकतील' हा हिशेब इथे उलटा पडतो.

संजीवक म्हणजे खत नव्हे. भुकेल्या, तहानलेल्या झाडाला त्याचा उपयोग नाही. पाणी आणि पाने सांभाळा, मग बाटलीचे पैसे वसूल होतील. शंका असल्यास गळलेली चार फळे घेऊन आपल्या कृषी सहायकाला जरूर भेटा.